श्वानाची लव आणि घरची लादी

वसई तालुक्यात कुत्रा पाळण्याची वहिवाट जुनी आहे. त्याला घराच्या आत, पलंगाशेजारी आणि सोफ्यावर जागा देण्याची रीत मात्र अलीकडची. गास, भुईगाव, निर्मळ, आगाशी, गिरीज या गावांतील केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांची राखण करणारा कुत्रा ओटल्यावर निजे, पावसाळ्यात फार तर पडवीत येई, उन्हाच्या वेळी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी ओल्या मातीत लोळे, आणि ऋतू पालटला म्हणजे त्याची जी लव गळे ती त्या मातीतच मिसळून जाई. तिचा हिशेब ठेवण्याचा प्रसंग घरातील माणसांवर कधी आला नाही. प्रेम तेव्हा कमी होते असे नव्हे. ज्या सातारच्या शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्याच शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवितात. परंतु राजाचा कुत्रा काय किंवा वाडीवाल्याचा काय, तो मोकळ्या अंगणाचा धनी होता.

पुढे लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस इमारती उभ्या राहिल्या, ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र होऊन वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन तालुक्याचे दप्तर पालघरकडे गेले, आणि मुंबईत घर घेणे न परवडणारी सहस्रावधी कुटुंबे एका खोलीच्या, दोन खोल्यांच्या सदनिकांत येथे स्थिरावली. त्यांच्याबरोबर, किंबहुना त्यांच्या मुलांच्या हट्टाखातर, कुत्राही आला. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफीने पांढऱ्या झुबकेदार केसांच्या कुत्र्याचे वेड घरोघर लावले. तदनंतर एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतील पग आला. आता लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर यांची चलती आहे, आणि विरारच्या उंच इमारतींच्या उद्वाहनात सैबेरियाचा हस्कीसुद्धा भेटतो. या सर्वांत समान धर्म एकच: हे सारे विपुल केस गाळणारे प्राणी आहेत. आखूड केसांचा कुत्रा घेतला म्हणजे केसांचा उपद्रव टळेल, अशी जी समजूत पग किंवा लॅब्रॅडॉर घेणारा बाळगतो, ती तर सर्वस्वी निराधार होय. उलट लांब केस जमिनीवर गोळा होऊन निदान दिसतो तरी, आखूड ताठ केस सोफ्याच्या विणीत टोकाने शिरून बसतो आणि निघता निघत नाही.

केस का गळतात, हे समजल्यावाचून उपायाची तजवीज करता येत नाही. प्रत्येक केसाचे आयुष्य तीन अवस्थांत विभागलेले असते: वाढीची अवस्था, संक्रमणाची अल्प अवस्था आणि विश्रांतीची अवस्था, विश्रांतीच्या अंती जुना केस सुटतो आणि त्याच मुळातून नवा वर येतो. पूडल किंवा शिह त्झू यांचे केस दीर्घकाळ वाढीच्या अवस्थेत राहतात, म्हणून ते कमी गळतात, पण न्हाव्याच्या कात्रीवाचून त्यांचा निभाव लागत नाही. हस्की, शेफर्ड, लॅब्रॅडॉर यांचे बहुसंख्य केस एका वेळी विश्रांतीत असतात, आणि शिवाय त्यांना दुहेरी आवरण असते: वर राठ, पाणी न शिरू देणारे केस आणि त्यांखाली थंडीपासून जपणारी दाट मऊ लव. ही लव ऋतुमानाप्रमाणे टाकून देण्याचा निसर्गाचा शिरस्ता आहे, आणि तिला मिळणारा हुकूम मुख्यतः उष्णतामानाचा नसून दिवसाच्या लांबीचा असतो. आता, हस्कीच्या मूळ मुलखात, आर्क्टिक वृत्ताच्या आसपास, उन्हाळ्यात सूर्य मावळण्याचे नाव घेत नाही आणि हिवाळ्यात तो जेमतेम वर येतो; तेथे हा हुकूम स्वच्छ ऐकू येतो. वसई आहे सुमारे साडेएकोणीस अक्षांशावर. येथे सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा. त्यात रात्री बारापर्यंत दिवाणखान्यातील विजेचे दिवे जळत असतात. अशा संदिग्ध प्रकाशात त्या जनावराच्या देहाला वसंत कोणता आणि शरद कोणता हे उमगू नये, यात नवल नाही. परिणामी लव दोन हंगामांत न गळता बारा महिने गळत राहते, आणि पावसाळा संपून दिवाळीच्या आगेमागे तिला भरती येते. ऐन साफसफाईच्या दिवसांत, जेव्हा गृहिणीने माळे उपसलेले असतात, तेव्हाच हे घडते.

तथापि सर्वच केस निसर्गनियमाने गळत नाहीत, हे येथे बजावून सांगितले पाहिजे. केस सर्वांगावरून सारखे विरळ होत असतील आणि खालची त्वचा निरोगी दिसत असेल तर चिंता नाही. पण चकत्या पडल्या, त्वचा लाल झाली, खवले सुटले, जनावर रात्रंदिवस खाजवू लागले, किंवा दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच प्रमाणात झडून अंगाला सुस्ती आली, तर ते पिसू-गोचिडांचे, खरजेचे, बुरशीचे किंवा कंठस्थ ग्रंथीच्या मंदतेचे लक्षण असू शकते. खरूज आणि नायटा यांपैकी काही प्रकार तर माणसांनाही लागतात. आमच्या किनाऱ्यावर पावसाचे चार महिने हवेत इतकी आर्द्रता असते, की पूर्ण न वाळलेल्या लवेखाली यीस्टचा प्रादुर्भाव होऊन आंबूस वास सुटतो; लोक अत्तरी शाम्पू बदलीत बसतात आणि मूळ व्याधी वाढत जाते. अशा वेळी पशुवैद्याकडे जावे. परळला १८८३ पासून बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आता वसईतही दवाखाने आहेत, त्यामुळे तिथवर जाण्याचे कष्ट पुष्कळ वेळा वाचतात.

आहाराचाही संबंध आहे. केस हे केरॅटिन या प्रथिनाचे बनलेले, म्हणून निव्वळ भात-पोळीवर वाढविलेल्या कुत्र्याची लव निस्तेज होते आणि अधिक गळते. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा येथे मासळी उतरते, त्या भागातील लोकांच्या हाताशी उत्तम जिन्नस आहे: तारली आणि बांगडा. काटे काढून, मीठ-मसाला न घालता उकडलेली ही मासळी त्वचेला आवश्यक अशी ओमेगा-३ स्निग्धाम्ले पुरविते. सुकी खारवलेली मासळी मात्र, कुत्रा कितीही आशाळभूतपणे पाहो, देऊ नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विरार पश्चिमेस बोळिंज भागात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी गोल्डन रिट्रिव्हर आहे, आणि त्या घरची लादी इतकी स्वच्छ असते की कुत्रा दाखविल्याशिवाय त्याच्या अस्तित्वावर विश्वास बसू नये. त्यांच्याकडे झाडलोट करण्यास येणाऱ्या मावशींना मी याचे रहस्य विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी मी झाडायची नि मग बाई त्याला विंचरायच्या. मी पुढं झाडत जाते नि हा मागनं सांडत येतो! मग मीच बाईंना सांगितलं, बाई, आधी त्याला विंचरा, मग मी झाडू हातात घेते.” धूळ खेचणारी यंत्रे (व्हॅक्यूम क्लीनर) विकणाऱ्यांच्या सर्व माहितीपत्रकांत मिळून जे सापडणार नाही, ते या तीन वाक्यांत आले आहे. केस जमिनीवर पडण्यापूर्वी, जनावराच्या अंगावर असतानाच, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी काढून घेणे हाच या प्रश्नाचा खरा बंदोबस्त. यंत्राचा अधिकार त्यानंतर सुरू होतो.

त्या बाई हे काम कसे करतात ते मी शेजारी बसून पाहिले. मोरीच्या दाराशी जुनी चादर अंथरली जाते, पंखा बंद होतो, आणि कुत्रा न बोलावता येऊन आडवा होतो. प्रथम रबरी ब्रशाने गोल गोल फिरवून सुटे केस वर आणले जातात. मग डाव्या हाताने केसांचा एक थर वर उचलून धरायचा, खालची गुलाबी त्वचा रेघेसारखी दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने लांब, विरळ दातांचा लोखंडी कंगवा हलक्या हाताने ओढायचा. एक थर झाला की बोटभर वर सरकून दुसरा. वरवर ब्रश फिरविणारा मनुष्य वरच्या राठ केसांना चकाकी आणतो आणि लव जागच्या जागी राहते. थराथराने विंचरणाऱ्याच्याच कंगव्याला ती लागते. कानांमागे, पुढच्या पायांच्या बगलेत, मागच्या मांड्यांवर आणि शेपटीच्या बुडाशी गुंते होतात. तेथे कंगवा ओढायचा नाही, बोटांनी गुंता सोडवीत टोकाकडून मुळाकडे यायचे. पाहता पाहता चादरीवर दुसरा लहान कुत्रा निजला आहे असे वाटावे एवढा ढीग जमला. बाईंनी तो ओंजळीने उचलून कागदी पिशवीत दाबला, चादर चारी कोपऱ्यांनी गोळा केली, आणि मग मावशींना हाक मारली.

या विंचरण्याच्या संदर्भात तीन चुका सर्रास होतात. आंघोळ आधी आणि विंचरणे मागाहून, ही पहिली. गुंत्याला पाणी लागले की तो आवळतो. दुसरी, वारंवार आंघोळ घालणे. सूर्या धरणाचे पाणी जेथे पुरेसे येत नाही तेथील सोसायट्या विंधणविहिरीवर आणि टँकरवर अवलंबून असतात, ते पाणी पुष्कळदा जड असते, त्यात साबणाचा फेस पुरता निघत नाही, आणि राहिलेला अंश त्वचेला कोरडी करून केस अधिकच गाळतो. तिसरी चूक सर्वांत घातक: उकडते म्हणून दुहेरी आवरणाच्या कुत्र्याचे केस वस्तऱ्याने सपाट करणे. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो, आणि विंचरलेले वरचे आवरण त्याला उन्हाच्या झळीपासून आडोसा देते. सपाट केलेले केस काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने नीट उगवत नाहीत, आणि उगवतात तेव्हा लवच आधी वर येते.

गॅलरीत उभे राहून विंचरण्याचा मोहही आवरला पाहिजे. वसईच्या वाऱ्याने तो पुंजका खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसतो, आणि सोसायटीच्या सभेत तक्रार दाखल होते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, बहुमताचा ठराव करूनही गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. परंतु त्याच सूचना पाळणाऱ्यावरही शेजारधर्माची जबाबदारी टाकतात, हे सोयीस्करपणे विसरले जाते. गोळा केलेले केस मोरीच्या जाळीतून सोडू नयेत, नळी तुंबते. ज्यांची वाडी आहे त्यांनी ते थोडथोडे खतखड्ड्यात घालावे, नत्र मिळते, फक्त कुजण्यास काळ लागतो. चिमण्यांच्या घरट्यासाठी म्हणून ते बाहेर ठेवण्याची हौस मात्र टाळावी, कारण गोचिडांवरचे औषध मानेवर लावलेल्या जनावराच्या केसांत ते विष शिल्लक असते आणि पिलांना बाधते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेलिश लोक एका खास जातीच्या कुत्र्यांची लव कातून घोंगड्या विणीत. ती जात पुढे लयास गेली. जी वस्तू आपण नाक मुरडून टाकतो ती कोणा एका समाजाची दौलत होती, याची आठवण ढीग उचलताना मला नेहमी होते.

विंचरूनही जे उरते त्यासाठी यंत्र. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी हवा खेचून धूळ काढणारे यंत्र सिद्ध केले. ते इतके अवाढव्य होते की घोडागाडीतून रस्त्यावर आणून उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडीत. १९०८ मध्ये ओहायोतील जेम्स मरे स्पँगलर या दम्याने पीडित झाडूवाल्याने घरात हाताने चालविण्याजोग्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ते हूव्हर कुटुंबाच्या हाती गेले. झाडूच्या धुळीने ज्याचा श्वास कोंडत होता त्याच माणसाने हा शोध पुढे नेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी टाय लावून दारोदार हिंडत हे यंत्र मध्यमवर्गाच्या घरात पोहोचविले. पुष्कळ ठिकाणी ते प्रात्यक्षिकानंतर कपाटावर चढले आणि तेथेच राहिले. याला ग्राहकाचा आळस कारण नव्हता. ते यंत्र गालिच्यांच्या देशासाठी घडले होते, आणि आपली घरे लादीची.

हाच भेद निवडीच्या मुळाशी ठेवावा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या घरात राठ केसांचा फिरता रूळ आवश्यक असतो. गुळगुळीत लादीवर तोच रूळ केसांना खेचण्याऐवजी पुढे भिरकावतो. आपल्या घरी लादीसाठी मऊ रूळ किंवा साधे रुंद तोंड पुरते. खरे तर लादीचे निम्मे काम ओलसर फडके किंवा रबरी वायपर यंत्राहून चांगले करतो, कारण जानेवारीच्या कोरड्या हवेत केरसुणीने उडणारी लव ओलाव्याला चिकटते. यंत्र हवे ते गादी, सोफा, पडदे, गाडीची आसने, मच्छरजाळी आणि पलंगाखालच्या कोपऱ्यांसाठी. म्हणून दुकानात गेल्यावर मोठ्या तोंडाऐवजी लहान तोंड मागून घ्यावे: रबरी पाती असलेला, स्वतःच्या मोटरीवर फिरणारा तळहाताएवढा ब्रश. निव्वळ हवेच्या झोताने फिरणारा ब्रश गादीवर दाबला की थांबतो, हे तेथल्या तेथे करून पाहावे. रुळावर गुंडाळलेले केस काढण्यासाठी तो हत्याराशिवाय निघतो की नाही, हेही पाहावे.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याने दिपून जाऊ नये. तो आकडा यंत्र किती वीज खाते ते सांगतो, किती केस उचलते ते नव्हे. युरोपीय संघाने २०१४ साली १,६०० वॅट आणि २०१७ साली ९०० वॅट अशी कमाल मर्यादाच घातली, आणि तेथील घरे अस्वच्छ झाली नाहीत. केस उचलला जातो तो खेचण्याचा दाब आणि वाहणाऱ्या हवेचे परिमाण या दोहोंच्या मेळाने. नुसता दाब मोठा आणि नळी अरुंद असेल तर केसांचा पुंजका वाटेतच अडकतो. शिवाय २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ६ अँपियरचा साधा प्लग १,३८० वॅटपर्यंतच भार घेतो; त्याहून मोठ्या यंत्राला १६ अँपियरचा पॉइंट लागतो, आणि जुन्या इमारतींत तो केवळ स्वयंपाकघरात नि न्हाणीत असतो. अमेरिकेतील आप्तांनी प्रेमाने पाठविलेले १२० व्होल्टचे यंत्र येथे थेट लावले की जळते.

घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर विचार अधिक बारकाईने करावा लागतो. त्रास केसाचा नसतो. कुत्र्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांचा असतो, आणि ती प्रथिने इतक्या सूक्ष्म कणांवर स्वार असतात की साध्या यंत्राच्या मागच्या वाटेने पुन्हा खोलीत येतात. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविणारी हेपा गाळणी तेव्हाच उपयोगाची, जेव्हा यंत्राची सारी सांधेजोड हवाबंद असते. अशा घरी मी पिशवीचे यंत्र पसंत करीन. जेम्स डायसन यांनी ५,१२७ नमुने घडवून सिद्ध केलेल्या चक्रवाती तंत्राने पिशवीचा खर्च वाचविला हे खरे, पण त्या यंत्राचे पारदर्शक भांडे रिकामे करताना जो धुरळा उडतो तो रोग्याच्या, आणि बहुधा मावशींच्या, छातीत जातो.

बिनतारी, हलके यंत्र रोजच्या वापरास सोयीचे, मात्र पूर्ण जोरावर त्याची बॅटरी दहाएक मिनिटांतच दमते. एका खोलीच्या घराला तेवढे पुरते. आपोआप फिरणारा रोबो लादीवर उत्तम काम करतो, पण उंच उंबरठ्यांच्या जुन्या घरात एका खोलीत अडकून पडतो, आणि लहान पिलाने घरात घाण केली असेल तर ती सर्वत्र फासतो.

आवाजाचा विचार सहसा कोणी करीत नाही. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला ४० हजारांच्याही वरचे. मोटरीची जी तीक्ष्ण किंकाळी आपल्या कानी पडतच नाही ती त्याला पलंगाखाली दडवते. बंद यंत्र चार दिवस त्याच्या निजण्याच्या जागेजवळ ठेवावे, मग शेजारच्या खोलीत ते सुरू करून त्याला खाऊ द्यावा, आणि क्रमाक्रमाने जवळ आणावे. फटाक्यांच्या आठवड्यात हे शिक्षण मुळीच सुरू करू नये.

आणि वसईसाठी म्हणून एक खास सूचना, जी कोणत्याही माहितीपत्रकात नाही. धुण्याजोगी गाळणी धुतल्यावर पूर्ण एक दिवस वाळवावी, असे सारे कारखानदार सांगतात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे एका दिवसात रुमालसुद्धा वाळत नाही. ओली गाळणी बसविली की तिच्यात बुरशी धरते, मोटरीला दम लागतो, आणि ओल्या कुत्र्याचा वास यंत्र घरभर पसरते. तेव्हा यंत्र घेतानाच दुसरी गाळणी, जादा पट्टा आणि पिशव्यांचा संच मागून घ्यावा, हे सुटे भाग वसई-विरारमध्ये कोठे मिळतात ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे, आणि जो हे लिहून देण्यास कां-कूं करील त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.